मनगटावरचा चट्टा

"थांब, थांब! हे काय व्हय तुझ्या हाताला?" लक्ष्मीबाईनं हात झटकन मागं ओढला. अर्धवट चढलेली बांगडी ओट्यावर पडून फुटली.

अख्तरीनं बाही खाली ओढली. पण मनगटावरचा गोल लाल चट्टा लक्ष्मीबाईला दिसला होता.

जवळा बाजार गावात वीस वर्षं अख्तरी घरोघर बायकांना बांगड्या भरत होती. नवरा गेल्यावर याच हातांनी तिला जगवलं होतं. आणि गेल्याच महिन्यात, चौऱ्याहत्तरच्या दिवाळीनंतर, महारोगाची पाहणी करणारे गावात येऊन गेले. गावातल्या दगडोबाच्या पाठीवर चट्टा निघाला. आठ दिवसांत भावांनी त्याचं ताट-अंथरूण मळ्यातल्या झोपडीत टाकलं.

घरी येऊन अख्तरीनं आतून कडी घातली. तीन महिन्यांचं मांजरीचं पिल्लू येऊन हाताला डोकं घासू लागलं, तशी ती दचकली. त्याच्या कानामागं केस गळून गोल टक्कल पडलं होतं. आपलंच त्याला लागलं?

पिल्लू टोपलीत घालून तिनं गुरांचा दवाखाना गाठला. स्वतःचं नाव काढायची छाती नव्हती.

"नायटा हाय," कंपाउंडर शेषराव पिल्लाला निरखत म्हणाला. "भवतालचे केस कापून रोज हा गंधकाचा मलम लावा. चाटू देऊ नका, गळ्यात पुठ्ठा बांधा. त्याचं अंथरूण उकळून घ्या."

"माणसाला लागतो का, साहेब?"

शेषरावनं तिच्या घट्ट धरलेल्या बाहीकडं पाहिलं. "हात दाखवा, चाची. खाज येती?"

"लई."

त्यानं पेन्सिलीचं टोक चट्ट्यावर टेकवलं. "कळतं?"

"टोचून राहिलं की!"

"मग भेता काहून? महारोगाचा चट्टा मुका असतो. हे मांजराचंच लागलंय. तरी माणसांच्या डॉक्टरला दाखवा."

अख्तरी तिथंच पायरीवर बसली.

डॉक्टरनंही नायटाच सांगितला, तरी भीती जाईना. रोज सकाळी ती चट्ट्यावर सुई टेकवायची. टोचली, की मगच चूल पेटवायची. पिल्लाला मलम, स्वतःला मलम. दीड महिना तिनं कुणाचा हात धरला नाही.

चट्टा गेला. पिल्लाच्या कानामागं मऊ लव आली. बाजारच्या दिवशी तिनं दोन्ही बाह्या कोपरापर्यंत दुमडून दुकान मांडलं. बायका आल्या, बांगड्या निवडल्या, आणि "घरीच भरतो" म्हणत कागदात बांधून घेऊन गेल्या.

उन्हं कलताना परगावची एक पोटुशी पोरगी समोर बसली. तिनं हात पुढं केला.

"बाई, मला नायटा झाला होता," अख्तरी म्हणाली. "बरा झालाय. पन सांगितलेलं बरं."

पोरगीनं तिच्या मनगटाकडं पाहिलं.

"भरा," ती म्हणाली.

अख्तरीनं तिची बोटं हलकेच दाबून जुळवली. पहिली बांगडी चढेपर्यंत तिनं श्वास सोडला नाही.