उभी गाडी

"काय खुंटा, आज तरी हलणार का?" वॉचमननं सवयीनं विचारलं. मग आज आत टेबलावर कोण आहे ते आठवून त्यानं जीभ चावली.

रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरनं मनाला लावून घेतलं नाही. त्याचं कामच तसलं. या इस्पितळात हृदयाच्या नळीतला अडथळा फुग्यानं काढत, पण छाती उघडणारा सर्जन इथं नव्हता. तो पुलापलीकडच्या मोठ्या इस्पितळात. म्हणून अँजिओप्लास्टी चालू असली की याची गाडी रस्त्याकडे तोंड करून, इंजिन सुरू ठेवून दाराशी उभी. काम नीट आटोपलं की सिस्टर खिडकीतून हात हलवायची आणि हा किल्ली फिरवून इंजिन बंद करायचा. इतक्या वर्षांत गाडी कधी हलली नव्हती. म्हणून तर खुंटा.

आज सकाळी भांडी घासताना त्याची बायको छाती धरून खाली बसली. डॉक्टरांनी काही लपवलं नाही. "काका, झटका मोठा आहे. तिकडे नेण्यात वेळ घालवला तर हृदय मरत जाईल. इथं केलं तर क्वचित नळी फाटते. फाटली तर मात्र तिकडेच पळावं लागेल."

बायको त्याच्याकडे बघत होती. "तुम्ही म्हणाल तसं."

"अगं, माझी गाडी कधी हललीय का? इथंच करू."

तेवढ्या कळांतही ती हसली. "घरी तरी कुठं हलता तुम्ही."

आता तो खिडकीवर डोळे लावून बसला होता. पडदा सरकला, पण हात आला नाही. दार उघडलं आणि स्ट्रेचरच बाहेर आलं.

नळी फाटली होती. डॉक्टरांनी फुगा आत तसाच फुगवून रक्त कसंबसं थोपवलं होतं. "काका, तुम्ही मागे बसा. दुसरा ड्रायव्हर बोलावतो."

"तो येईपर्यंत काय? बसा तुम्ही आत."

वॉचमननं फाटक आधीच उघडलं होतं. तो मान खाली घालून उभा होता.

पहिला गतिरोधक आला तसा मागून क्षीण आवाज आला. "अहो... हळू."

जन्मभर स्कूटरवर मागे बसून ती हेच सांगत आली होती. "हो गं," तो म्हणाला आणि पाय आणखी दाबला. तिनं जीव त्याच्या शब्दावर ठेवला होता, आणि शब्द कसला दिला त्यानं? एका उभ्या गाडीचा.

"हळू म्हटलं ना."

"भांड हवं तेवढं. पण बोलत राहा."

पुलाच्या तोंडाशी गाडी जोरात आदळली. तो कान देऊन राहिला. मागे तिची छाती दाबणाऱ्या डॉक्टरांचा धापा टाकणारा श्वास आणि स्ट्रेचरची लयीत कुरकुर. दुसरं काही नाही.

"बोल की गं. आता तर आपटलीच मी गाडी."

पूल संपला. मोठं इस्पितळ दिसू लागलं. कुरकुर कधी थांबली ते त्याला कळलं, पण त्यानं मान वळवली नाही. मधल्या काचेवर बोट वाजलं.

"काका," डॉक्टरांचा आवाज बसला होता, "सायरन बंद करा."

त्यानं केला. इस्पितळाच्या फाटकाशी शेवटचा गतिरोधक होता. त्यानं ब्रेकवर पाय ठेवला, आणि झोपलेल्या माणसाला धक्का लागू नये तशी एकेक चाक अलगद पलीकडे उतरवलं.