ओकबुनआजींची निनावी तपासणी

थेगू शहरातल्या सरकारी आरोग्य केंद्रात सत्तरीचं माणूस शिरलं की त्याला काय झालंय ते त्याच्याआधी केंद्रालाच कळतं. बाहत्तर वर्षांच्या ओकबुनआजींना दारातूनच विसरभोळेपणाच्या खिडकीकडे धाडलं. आजींनी वार, तारीख, राष्ट्राध्यक्षांचं नाव, सगळं धडाधड सांगितलं. मग गुडघ्यांच्या खिडकीवर रवानगी. गुडघेही धड निघाले, तेव्हा मात्र केंद्राची भलतीच पंचाईत झाली.

आजींचं काम वेगळं होतं. दुपारच्या नाचघरात भेटलेले विधुर प्योसाहेब येत्या रविवारी बाडबिस्तरा घेऊन त्यांच्या घरी राहायला येणार होते. आधी दोघांची तपासणी, मग बिऱ्हाड, ही आजींची अट. त्यावर प्योसाहेब खो खो हसले होते. "या वयात कसली गं तपासणी?" जणू रोग जन्मदाखला बघूनच अंगाला शिवतात!

अखेर योग्य खिडकी सापडली. आजी दबक्या आवाजात म्हणाल्या, "पोरी, ती नाव न सांगता करतात ना, ती तपासणी..."

परिचारिका मोठी गुणाची. म्हाताऱ्यांना ऐकू येत नाही, हे तिने पक्कं घोकलेलं. "आजीऽऽ! गुप्तरोगाची? कुणाची करायचीय? नातवाची?"

फ्लूच्या लशीची अख्खी रांग वळली. रांगेत आजींच्याच चर्चच्या गायनमंडळातल्या तिघी! त्यांतल्या मालसुकने तर अशी मान खाली घातली, की प्रार्थनेलाही कधी घातली नसेल.

आजींचे कान तापले. वाटलं, जावं परत, पुढचं प्रभूवर सोपवावं. पण प्रभूने दिलेली अक्कल काय पेटीत घालून ठेवायला दिलीय? त्यांनी भजनाची वरची पट्टी लावली.

"नातवाची नाही गं बाई, माझी! एचआयव्हीपासून गरमीपर्यंत, आहे नाही ते सगळं तपास!"

परिचारिकेने चिठ्ठी फाडली.

रक्त देऊन आजी बाहेर आल्या, तर मालसुकने त्यांची बाही धरली.

"ताई, कुणामुळे? प्योसाहेब?"

"तुला गं काय ठाऊक?"

"वसंतात ते माझ्याबरोबर नाचायचे."

"नुसते नाचायचे?"

मालसुकच्या डोळ्यांत पाणी आलं. क्षणभर आजींना तिच्या झिंज्या उपटाव्याशा वाटल्या. पण तिचा हात बर्फासारखा गार पडला होता. आजींनी तिला त्याच खिडकीशी नेऊन बसवलं आणि फोन लावला.

"अहो प्योसाहेब, रविवारचं राहू द्या. सोमवारी नऊला आरोग्य केंद्राच्या दारात या. मी निकाल घ्यायला येते, मालसुकही येतेय."

पलीकडे नाचगाणं चाललेलं होतं.

"आणि आणखी कुणी असेल," आजी गोड आवाजात म्हणाल्या, "तर तिलाही घेऊन या."