हेडफोनचा करार

एक वस्तू दोन ठिकाणी कशी नांदवायची, हे अणदूरच्या माणसाला कुणी शिकवू नये. आमचा खंडोबा वर्षातले काही महिने अणदुरात असतो, काही महिने नळदुर्गात. नेता-आणताना लेखी करार होतो. पिढ्या गेल्या, अडलं नाही. त्यामुळं शेजारच्या महालिंगप्पांच्या घरात कॉम्प्युटर दोन आणि बिनवायरचा हेडफोन एक, असं झालं तेव्हा कुणी घाबरलं नाही. अप्पांनी वहीचा कागद फाडला. दुपारी दोनपर्यंत हेडफोन थोरल्या सुनेकडं, श्रीदेवीकडं. दोननंतर धाकट्या लेकाकडं, शिवपुत्राकडं. साक्षीदार म्हणून सही माझी.

फरक एवढाच, की देव नळदुर्गाला गेला की अणदुरात नसतो.

सोमवारी अकराला श्रीदेवीची पुण्यातल्या एका कंपनीची ऑनलाइन मुलाखत होती. घरी बसून करायची नोकरी. तीन वर्षं अर्ज केल्यावर आलेलं पहिलं बोलावणं. अप्पांनी कुकर बंद करायला लावला आणि मला उंबऱ्याशी बसवलं, कुणी आत येऊ नये म्हणून.

पहिली पंधरा मिनिटं बरी गेली. मग आतल्या खोलीत शिवपुत्रानं आपला कॉम्प्युटर लावला. शेळीपालनाचा वर्ग होता. हेडफोन दोन्ही कॉम्प्युटरना ओळखत होता. तो नव्या आवाजाकडं गेला. श्रीदेवीच्या लॅपटॉपवर मॅडमचे ओठ हलत राहिले आणि तिच्या कानात गाभण शेळीचा खुराक सुरू झाला.

"हो मॅडम," श्रीदेवी म्हणाली. जरा वेळानं पुन्हा, "हो मॅडम."

आतून शिवपुत्र ओरडला, "अप्पा, माझ्याला आवाजच न्हाय!" आणि त्यानं आवाज वाढवला. श्रीदेवीनं डोळे मिटले. कॅमेऱ्यासमोर तिला तेवढंच करता येत होतं.

अप्पा आत गेले. "करारात काय ठरलंय रं?"

"हेडफोन वहिनीच्या डोक्यावर हाय की! म्या हात तरी लावला का?"

अप्पांनी खिशातून कागद काढला, चष्मा लावला, वाचला. मग माझ्याकडं आणला. मीही वाचला. कॉम्प्युटर लावू नये, असं कुठं लिहिलं नव्हतं.

"पोराचं बरोबर हाय," अप्पा म्हणाले.

मुलाखत अकरा पस्तीसला संपली. श्रीदेवीनं हेडफोन काढला, घडी करून ठेवला आणि कुकर लावायला उठली.

"काय विचारलं गं?" अप्पांनी विचारलं.

"शेवटच्या महिन्यात खुराक वाढवायचा, मामा."

अप्पांनी मान डोलावली.

शुक्रवारी मेल आला. निवड झाली नाही. उमेदवार प्रश्न न ऐकताच होकार देतात, असा शेरा होता. अप्पांनी करारात एक कलम वाढवलं. मी पुन्हा सही केली.

श्रीदेवीच्या लॅपटॉपला स्वतःचा स्पीकर आणि माइक आहे. दोन्ही चालतात.