लाल झाकणाच्या डब्यातला बुरा

दुसऱ्या दिवशी कॉलेजात मला बुरशी हा विषय शिकवून दाखवायचा होता. पसंत पडलं तर पक्की नोकरी, नाहीतर पुन्हा कंत्राटावर. त्यासाठी मी ज्वारीची ओली भाकर डब्यात बंद करून ठेवली होती. हैदराबादच्या मलकपेठेतल्या आमच्या दमट घरात चपलांना, पट्ट्यांना, पापडांना न मागता बुरशी येते. मला हवी होती तेव्हा मात्र भाकर ढिम्म.

दुपारी कॉलेजातून नवऱ्याला फोन केला. "ओमकार, लाल झाकणाच्या डब्यातल्या भाकरीला बुरा आला का, बघ जरा."

झाकण उघडल्याचा आवाज आला. "हौ, एकदम बुरा. काळा, हिरवा, सगळा."

"छान," म्हणून मी खुशीत फोन ठेवला.

संध्याकाळी घरी आले तर डबा घासूनपुसून पालथा घातलेला.

"तूच बोलली ना, बुरा आला का बघ? बुरा होता, फेकून दिला. वरून तू छान बोलली."

माझ्या लेखी बुरा म्हणजे बुरशी. हैदराबादेत वाढलेल्या ओमकारच्या लेखी बुरा म्हणजे खराब. त्याच्या आईच्या लोणच्याच्या बढायांतही तो आजवर हाच अर्थ लावत आला होता. कचऱ्याची गाडी केव्हाच गेली होती, आणि या माणसाला डबा घासल्याचं कौतुक हवं होतं. मी संतापले, वाट्टेल ते बोलले.

माझ्या सासूबाई जयवंताबाई खाटेवर बसून ऐकत होत्या. लग्नानंतर मी घातलेल्या पहिल्याच लोणच्याला बुरा आला होता. तेव्हापासून "पुण्याच्या हाताला ओल असते, माझ्या बरणीला कधी बुरा येत नाही" हे मी आल्यागेल्यासमोर ऐकत आले. आता आणखी काही ऐकायचं त्राण नव्हतं. स्वयंपाकघरात जाऊन रडत बसले.

त्या मागोमाग आल्या आणि दार लोटून घेतलं. ओट्याखालच्या पोत्यामागून फडकं बांधलेली बरणी काढली, माझ्यापुढे ठेवून फडकं सोडलं. यंदाच्या कैरीच्या लोणच्यावर पांढऱ्या बुऱ्याचा जाड थर होता, मधे हिरवे ठिपके.

"हे चालतंय का बघ."

मी बरणीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "चालेल, आई."

"ने मग," त्या म्हणाल्या. "पण कुणाच्या हातचं म्हणून विचारलं, तर तुझंच सांग."