कार्डाविना जेवलेले

तंजावूरच्या पूर्वेला, कालव्याच्या अंगाला जे छत्र आहे, तिथं शिवराजराव रोज बाराला पाच कमी असताना सांबाराची चव घेत. ते त्यांचं कामच होतं. वाढण्यापूर्वी पर्यवेक्षकानं प्रत्येक पदार्थ चाखून रजिस्टरात शेरा मारावा, असा नियम होता. किती चाखावा, हे मात्र नियम लिहिणाऱ्याला सुचलं नव्हतं. शिवराजराव केळीचं पान मांडून बसत आणि भात, सांबार, रसम, भाजी, ताक अशा क्रमानं पान लख्ख होईपर्यंत चाखत. मग हात धुऊन लिहीत: 'मीठ बरोबर. भात मऊ. मात्रा तपासली.'

छत्र मराठे राजांच्या काळचं, वाटसरूंना फुकट जेवू घालायला बांधलेलं. पुढं ते सरकारकडे गेलं. सरकारनं ते कसं चालवलं हे विचारू नका. मग सत्त्याण्णव साली जिल्ह्याच्या साहेबांनी ते चेन्नईच्या एका खासगी प्रतिष्ठानाच्या हवाली केलं. प्रतिष्ठानानं भिंतींना चुना लावला, गॅसच्या शेगड्या आणल्या आणि निराधार म्हाताऱ्यांची साठ कार्डं काढली. कार्डावर फोटो, फोटोवर शिक्का. भात गरम असे, वेळेवर असे, त्यात खडा नसे. खोटं कशाला बोला, सरकारपेक्षा बरं चाललं होतं.

शिवराजराव तिथं मानद पर्यवेक्षक होते. मानद म्हणजे मान मिळतो, दुसरं काही मिळत नाही. त्याआधी एकोणतीस वर्षं ते पापनाशमच्या एका भातगिरणीत होते. पोत्यात सळी खुपसून मूठभर दाणे काढायचे, दाताखाली एक दाणा फोडायचा आणि प्रत सांगायची. गिरणी बंद पडली तेव्हा मालकानं त्यांना शाल दिली. बायको आधीच गेली होती. मुलगा रमण बंगळूरला एका नव्या कंपनीत होता. तो दर महिन्याला बापाच्या खोलीचं भाडं परस्पर पाठवी. बाकी सगळं बापाच्या पेन्शनीत भागतं असं त्याला वाटे, कारण बापानंच तसं सांगितलं होतं. गिरणीची कसली पेन्शन आणि कसलं काय! रविवारी शेजारच्या घरी रमणचा फोन येई.

"अप्पा, जेवण वेळेवर होतं ना?"

"रोज बाराला पाच कमी," शिवराजराव सांगत. हे अगदी खरं होतं. दिवसाकाठी तेवढंच एक जेवण होतं, हे त्यानं विचारलं नव्हतं.

कार्ड त्यांना मिळालं नसतं. कमावता मुलगा असलेल्याला कार्ड नाही, असा नियम होता आणि अर्ज तपासायला स्वतः शिवराजरावच बसत. तिरुवैयारुच्या एका म्हाताऱ्याचा अर्ज त्यांनी मुलाकडे मोपेड आहे म्हणून परत केला होता. मुलगा मोपेडवरून बापाला काही आणून देतो का, हा रकाना अर्जात नव्हता. शिवराजरावांचा अर्ज शिवराजरावांनी पहिल्याच ओळीला नामंजूर केला असता. आणि कार्डवाल्यांच्या पंगतीत बसायचं म्हणजे! त्यांच्या पणजोबांचं नाव म्हणे दरबारच्या कागदांत होतं. कागद मोडी लिपीत होते, त्यामुळे घरात ते कुणी वाचले नव्हते, पण मिजास वाचल्याशिवायही येते.

स्वयंपाक मंगलाबाईंकडे होता. त्यांची सासू तिथंच राबली, सासूची सासूही. त्या घराण्याची एक रीत होती. पंगत उठली की स्वयंपाकीण उंबऱ्यावर उभी राहून रस्त्याकडे तीन हाका मारी, "कोणी जेवायचं राहिलं आहे का हो?" दोन हाका तमिळमध्ये आणि शेवटची मराठीत. मराठी हाक राजांच्या वेळची. आता त्या रस्त्यावर ती कळणारं कुणी उरलं नव्हतं, तरी मारायची. हाकेनं जो रस्त्यावरून आत येईल त्याला पान मांडायचं. त्याचं नाव, गाव, जात विचारायची नाही. मगच स्वयंपाकिणीनं जेवायचं.

प्रतिष्ठानाला हे परवडेना. कार्डं साठ, तांदूळ साठांचा, आणि हाकेला कधी तिघं येत, कधी सात. परिपत्रक आलं. शिवराजरावांनी ते मोठ्या अक्षरांत उतरवून स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवलं आणि वाचूनही दाखवलं: हाक मारू नये.

मंगलाबाईंनी ऐकून घेतलं. "बरं हो, राव. आता भुकेलेल्यानं कार्ड दाखवून भूक लावून घ्यावी."

"नियम आहे, मंगलाबाई. मी केलेला नाही."

"चिकटवला तर तुम्हीच ना!"

रजिस्टरात 'कार्डाविना जेवलेले' असा एक रकाना होता. त्या दिवसापासून शिवराजराव त्यात रोज एक सुबक, गोल शून्य काढू लागले. शून्य काढताना त्यांना बरं वाटे. असं पावणेदोन वर्षं चाललं.

मग नित्या आली. प्रतिष्ठानाची नवी व्यवस्थापक, सव्वीस वर्षांची, बोलायला गोड. पिशवीत थर्मामीटर आणि झाकणाचे डबे. प्रत्येक पदार्थाचा नमुना आता डब्यात भरून त्रिचीच्या प्रयोगशाळेत जायचा होता.

"सर, उद्यापासून तुम्ही चव घ्यायची नाही," ती म्हणाली. "या वयात रोज एवढा भात खायला लावायचा, मलाच वाईट वाटत होतं."

"छे, छे! कर्तव्य होतं," शिवराजराव म्हणाले.

"म्हणूनच म्हटलं, सुटलात."

शिवराजराव सुटले. पहिल्या दिवशी त्यांनी बाराला पाच कमी असताना थर्मामीटर वाचलं. सांबार एकाहत्तर अंश. दुसऱ्या दिवशीही तेच केलं आणि खोलीवर जाऊन दोन केळी खाल्ली. तिसऱ्या दिवशी एकच होतं. चौथ्या दिवशी एका म्हातारीच्या कार्डावर त्यांचा शिक्का उलटा बसला. तिनं तो निरखून पाहिला आणि कार्ड कमरेला खोचलं. पोटात कावळे कोकलत होते. रमणला सांगावं, असं त्यांच्या मनात शंभरदा आलं. पण सांगायचं तर आधी पेन्शन नाही हे सांगावं लागणार, आणि मेलो तरी चालेल पण ते नाही, असं त्यांना वाटे.

मंगलाबाई रसम वाढता वाढता शिवराजरावांच्या टेबलाकडे बघत होत्या. दोन वर्षं ज्यानं पान चाटूनपुसून चाखलं, तो चार दिवस भाताकडे न बघण्याची शिकस्त करतो आहे, हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही.

पंगत उठली. साठ पानं बाहेर पडली. मंगलाबाईंनी पदराला हात पुसले, त्या टेबलाशेजारून गेल्या आणि उंबऱ्यावर उभ्या राहिल्या.

"कोणी जेवायचं राहिलं आहे का हो?"

मराठीत. पहिली हाक, आणि मराठीत! शिवराजराव दचकले. "मंगलाबाई, परिपत्रक..."

"कोणी जेवायचं राहिलं आहे का हो?"

दुसरीही मराठीत. रस्त्यावरून पापनाशमची बस गेली. समोरच्या सायकलवाल्यानं मान वर केली, त्याला काही कळलं नाही, त्यानं पुन्हा चाकात हवा भरायला घेतली. सगळ्या रस्त्यावर ती भाषा कळणारा एकच माणूस होता आणि तो रस्त्यावर नव्हता. शिवराजरावांचे कान तापले. इतकी लाज त्यांना गिरणी बंद झाली त्या दिवशीही वाटली नव्हती.

मंगलाबाईंनी त्यांच्याकडे वळून पाहिलं नाही. रस्त्याकडेच तोंड ठेवून त्या म्हणाल्या, "आत बसलेल्याला हाक लागू नाही. बाहेरून येईल त्याला. माझी सासू म्हणायची, ताकाला जायचं तर भांडं लपवू नये." मग त्यांनी तिसरी हाक मारली. तीही मराठीत, आणि पहिल्या दोन्हींपेक्षा हळू.

शिवराजरावांनी पेनाला टोपण लावलं. चष्मा काढून खिशात ठेवला. चपला घातल्या, मंगलाबाईंना वळसा घालून तीन पायऱ्या उतरले, रस्त्याच्या कडेला गेले आणि तिथं उन्हात उभे राहिले. सायकलवाला बघत होता. बघू दे. मग ते वळले आणि पायऱ्या चढून आत आले.

"या," मंगलाबाई म्हणाल्या.

त्यांनी पान मांडलं, पाणी शिंपडलं, भात वाढला. आपल्या वाट्यातलं अर्धं त्यांनी आधीच झाकून ठेवलं होतं. कुठून आलात, कोण, काय, काही विचारलं नाही. शिवराजराव खाली मान घालून जेवले. रसम घेताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. मिरी जास्त झाली होती म्हणावं, तर चव घेणं आता त्यांच्याकडे नव्हतं.

"आणखी?"

"थोडा," ते म्हणाले. "उद्या त्या तिरुवैयारुच्या म्हाताऱ्याला निरोप धाडतो. हाक किती वाजता असते ते."

"त्याला मराठी येत नाही. दोन हाका तमिळमध्ये माराव्या लागतील."

"मारा."

हात धुऊन ते टेबलाशी आले. दाराचं परिपत्रक त्यांनी काढलं नाही, ते प्रतिष्ठानाचं होतं. रजिस्टर उघडून सांबाराचं तापमान लिहिलं. मग 'कार्डाविना जेवलेले' या रकान्यात, इतक्या दिवसांच्या शून्यांखाली, त्यांनी लिहिलं: एक. पुढचा रकाना नावाचा होता. उभ्या जन्मात शिवराजरावांनी एकही रकाना मोकळा सोडला नव्हता. त्यांनी चष्मा लावला आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं: विचारलं नाही.