पिपेट आणि पच्चखाण

किशनलालच्या हातात पिपेट होती आणि तोंडाला कुलूप होतं. कुलूप घातलं होतं जमनाबाईनं, त्याच्या भुवानं, म्हणजे आत्यानं. आईवेगळ्या पोराला तिनंच वाढवलेलं, त्यामुळे तिच्यापुढे बोलायची सोय नव्हती. जालन्याच्या शाळेत रसायनाची प्रात्यक्षिक परीक्षा, म्हणून सकाळीच तिनं त्याला जैन महाराजांपुढे उभं करून चौविहार उपवासाचं पच्चखाण, म्हणजे व्रत, घ्यायला लावलं होतं. उद्या सूर्य उगवेपर्यंत पाण्याचा थेंबही वर्ज्य! व्रत मोडलं तर प्रायश्चित्त म्हणून आपण तीन दिवस उपाशी राहणार, हेही तिनं बजावलं होतं. आणि ती बोलली की करायचीच.

वडिलांनी, कचरूलालनी, वेगळंच बजावलं होतं. पास झाला तर औरंगाबादला कॉलेज, नापास झाला तर कापडाच्या दुकानात गादीवर. त्या गादीच्या नुसत्या आठवणीनं किशनलालचा जीव घुसमटायचा.

टेबलावर कॉस्टिक सोड्याचं द्रावण होतं. त्याची तीव्रता काढायची. त्यासाठी पिपेटनं बरोबर दहा सीसी घ्यायचं, आणि पिपेटमध्ये द्रावण चढवायचं ते तोंडानं ओढून. एक थेंब जिभेला लागला की उपवास संपला, भुवाचे तीन दिवस सुरू.

"काय पाहून राह्यला? ओढ की जल्दी!" भुजंग मास्तर गुरगुरले.

"चौविहार उपास हाय, सर."

"मंग? मी काय सोड्यानं पारणं कर म्हणून राह्यलो का?"

सगळे हसले. किशनलालला रडू येत होतं.

तेवढ्यात त्याची नजर उंच मोजपात्रावर गेली. त्यानं सगळं द्रावण त्यात ओतलं, पिपेट सरळ आत बुडवली. द्रावण आपोआप खुणेपर्यंत चढलं. वर बोट दाबून त्यानं ती बाहेर काढली, पुसली. दहा सीसी! शंकुपात्रात सोडून दर्शक टाकताच द्रावण गुलाबी झालं. त्यात ब्युरेटमधून डेसिनॉर्मल, म्हणजे एक दशांश नॉर्मल, आम्ल थेंब थेंब सोडलं, आठ सीसीला गुलाबी रंग गेला. आठ गुणिले एक दशांश, भागिले दहा. तीव्रता ०.०८ नॉर्मल. उत्तर बरोबर आलं.

निकाल लागला, पेढे वाटले गेले. "उपासानं पास झाला," भुवा गल्लीभर सांगत सुटली. किशनलालनं मोजपात्राचं सांगून पाहिलं.

"मंग ती अक्कल कोनी दिली?" ती म्हणाली.

औरंगाबादला निघायच्या दिवशी तो ट्रंक घेऊन बाहेर आला. आता मोकळा श्वास, एवढंच त्याच्या मनात होतं. टांग्यात दुसरी एक ट्रंक आधीच चढली होती, तिच्यावर पाण्याचं गाळणं बांधलेलं. शेजारी भुवा ऐसपैस बसली होती.

"कॉलेजात परीक्षा लई असतात म्हणं," ती म्हणाली. "एकट्याला तुला पच्चखाण कोन घ्यायला लावीन?"

आणि त्याला जागा करून द्यायला ती जराशी सरकली.