तेलकाकांचं नवं मशीन

"काका, खरं सांगा, ह्याच्यावर काय सांडलंत?"

सिस्टरनी लॅपटॉप तिरका धरला, तसा बटणांच्या फटीतून एक थेंब सावकाश ओघळून टेबलावर पडला.

"सांडलं नाही," तेलकाका म्हणाले, "घातलंय."

"काय घातलंय?"

"तेल."

वरच्या मजल्यावर राहणाऱ्या सिस्टर इस्पितळात नर्स होत्या. माणसं काय काय गिळतात, नाकाकानात काय काय कोंबतात, हे सगळं त्यांनी पाहिलेलं होतं. पण हे त्यांनाही नवीन होतं. त्या मटकन खुर्चीत बसल्या.

"अहो, पण का?"

"नवं मशीन आहे," काका म्हणाले. ह्यात विचारण्यासारखं काय आहे, असा त्यांचा चेहरा. "कोरडंच चालवायचं की काय? एकेका बटणाला एकच थेंब दिलाय. बिजागरीला तेवढे दोन."

काकांच्या बाजूने बघाल तर त्यांचंही काही चुकलं नव्हतं. शिलाई मशीनं दुरुस्त करण्यात त्यांची उभी हयात गेली होती. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं दुकान. कुठलंही मशीन आलं की आधी पुसायचं, मग तेल द्यायचं आणि मगच कामाला जुंपायचं, हा त्यांचा शिरस्ता. लोकांच्या खिशात पेन असतं, तशी काकांच्या खिशात लांब नळीची तेलाची कुपी. दार करकरलं, घाल तेल. शेजारणीची कात्री, पोस्टमनची सायकल, घाल तेल. त्यांचं खरं नाव काय ते तो पोस्टमनही विसरला होता. जित्याची खोड म्हणतात ती हीच.

आख्ख्या वस्तीत काकांच्या तेलापासून वाचलेली एकच जागा होती, आणि ती त्यांच्याच घरात होती. बायकोच्या शिलाई मशीनच्या पायडलची बिजागरी. पायडल खाली गेलं की 'कुईं' व्हायचं. ती मधल्या खोलीत शिवायला बसायची, काका पुढे दुकानात.

"ह्या आवाजाला हात लावाल तर याद राखा," ती म्हणायची. "आवाज चालू आहे तोवर मी कामात आहे. थांबला की समजायचं, चहा टाकलाय."

एकदा काकांमधल्या कारागिराला राहवेना. ती बाजारात गेल्याची संधी साधून त्यांनी दोन थेंब सोडले. त्यानंतर कितीतरी दिवस त्यांना चहा गारच प्यावा लागला. "मी काय हाका मारत बसू? तुम्हाला कळायचं ते कळत नाही, त्याला मी काय करू?" ती म्हणे. पुढे तो आवाज आपसूक परत आला, तेव्हा कुठे चहा गरम झाला. काकांनी कानाला खडा लावला.

ती जाऊन आता वर्ष उलटलं होतं. मशीन ठमी घेऊन गेली. ठमी ही काकांची एकुलती एक लेक, पार लांबच्या शहरात दिलेली. "आईचं मला एवढंच द्या," म्हणाली, आणि काकांनी स्वतः गोणपाट गुंडाळून मशीन ट्रकवर चढवलं. मधल्या खोलीत राहिले ते फरशीवर चार पायांचे चार डाग. काका अजून तिथून जाताना वळसा घालून जात.

पण ट्रकमधल्या आदळआपटीत मशीन बिथरलं. चाक जड झालं, दोऱ्याचा खाली गुंता व्हायला लागला. ठमीच्या शहरात असलं जुनं मशीन हातात घ्यायला कोणी तयार होईना. जावई भला माणूस, पण त्याला घरात अडगळ खपत नसे. त्याने सुतार ठरवला. वरचं मशीन काढून टाकायचं, लोखंडी पायांवर काच बसवायची, झालं झकास टेबल. सुतार सोमवारी येणार होता. "तोवर चालू झालं तर माझं काही म्हणणं नाही," एवढं मात्र तो म्हणाला होता.

काकांचे गुडघे त्या लांबच्या प्रवासाला राजी नव्हते. साध्या फोनवरून दुखणं कळेना. मग ठमीने हा लॅपटॉप पाठवला. "बाबा, रविवारी मी मशीनसमोर बसते. तुम्ही ह्याच्यावर बघा आणि सांगा. हात माझे, डोकं तुमचं."

"आणि आज शुक्रवार," सिस्टर म्हणाल्या.

आपण काय करून बसलो ते काकांना तेव्हा कुठे उमगलं. बायकोचं मशीन वाचवायला आलेलं मशीन त्यांनी स्वतःच्या हातानं बुडवलं होतं.

"मेलं का हो ते, सिस्टर?"

"बघते. आधी तुम्ही लांब व्हा."

सिस्टरनी लॅपटॉप बंद केला, वरून कापूस आणि स्पिरिट आणलं आणि जखम पुसावी तसं एकेक बटण पुसून काढलं. मग टॉवेल पसरून लॅपटॉप त्यावर पालथा घातला.

"पेशंट उद्या सकाळपर्यंत असाच झोपेल. उठवायचा नाही. आणि ती कुपी द्या इकडे."

"ती कशाला?"

"द्या म्हणते ना!"

काकांच्या खिशातली कुपी काढून घ्यायची छाती आजवर कोणाला झाली नव्हती. बायकोलाही नाही. पण काकांनी ती मुकाट्याने दिली.

शनिवारी सकाळी पेशंट शुद्धीवर आला. पडदा उजळला, तसा काकांचा जीव भांड्यात पडला. खालचं लांबडं बटण तेवढं दाबलं की रमतगमत वर यायचं.

"तेल पिऊन सुस्तावलंय," सिस्टर म्हणाल्या. त्यांना सुट्टी होती, म्हणून त्यांनी लगेच शिकवणी सुरू केली.

पहिली अडचण अशी, की लॅपटॉप चालू आहे की बंद हेच काकांना कळेना. सारखे त्याला कान लावून बघायचे. "आवाजच नाही हो ह्याला," ते कुरकुरले. "आवाज न करणारं मशीन म्हणजे एक तर आजारी, नाही तर लबाड."

दुसरी अडचण बोटांची. सुया आणि स्क्रू धरून धरून बोटांची टोकं कानशीसारखी झालेली. खालच्या गुळगुळीत चौकोनावर ती कितीही फिरवली तरी पडद्यावरचा बाण ढिम्म हलेना. सिस्टरनी हाताला चोळायला मलम दिलं. मग बाण असा सुटला की थेट पडद्याच्या कोपऱ्यात जाऊन बसला.

"अहो, हळू! स्क्रू पिळताय का?"

"सवय आहे."

"सवय ठेवा बाजूला. गोंजारा त्याला."

गोंजारत गोंजारत संध्याकाळपर्यंत काकांना स्वतःचं तोंड पडद्यावर आणता यायला लागलं. ते बराच वेळ स्वतःकडे बघत राहिले.

"म्हातारा दिसतोय की मी."

"तेल घालून बघा," सिस्टर म्हणाल्या, आणि दोघंही खो खो हसली. त्या घरात असं मोठ्याने हसणं बऱ्याच दिवसांनी झालं.

रविवारी काकांनी मधल्या खोलीत, त्या चार डागांच्या मधोमध स्टूल ठेवलं आणि त्यावर लॅपटॉप मांडला.

ठमी पडद्यावर आली. "बाबा! दिसतेय का मी?"

"दिसतेस. वाळलीस."

"वाळले कुठली! चांगली जाड झालेय." तिने आपला लॅपटॉप फिरवला, आणि मशीन समोर आलं. काळं अंग, त्यावरची सोनेरी वेलबुट्टी. जिथे बायकोचा तळहात टेकायचा तिथली पार पुसलेली. काका पडद्याजवळ सरकले आणि म्हणाले, "सुईखालचं शटल काढ."

मग बापलेकीचं काम सुरू झालं. शटलखालून धूळ आणि दोऱ्याचा बोळा निघाला. ब्रश फिरला. जिथे तेल हवं तिथे काकांनी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं, आणि ते बोट ठमीला दिसत नाही हे सिस्टरनी दोनदा सांगितलं.

"आता मार पाय," काका म्हणाले.

चाक फिरलं. पायडल हललं. आवाज मात्र शून्य.

"थांबलीस का?"

"नाही बाबा, चालवतेय की! अजून अडखळतंय. काय असेल?"

ठमीचा शब्द न् शब्द ऐकू येत होता, मशीन तेवढं मुकं. काकांनी लॅपटॉपला कान चिकटवला. काही नाही. "ठमे, मला ऐकू येत नाहीये गं. ऐकल्याशिवाय मी काय सांगणार? मी काय डोळ्यांनी मशीनं दुरुस्त करत आलोय?" उद्या सुतार येणार होता.

सिस्टर पुढे झाल्या. "काका, हे माणसाचा आवाज तेवढा ठेवतं. बाकीचा कचरा समजून गाळून टाकतं. आमच्या मीटिंगमध्ये मागे कुत्रं भुंकलं तरी ऐकू येत नाही."

"कचरा?" काका ताडकन उठले. "तिच्या मशीनचा आवाज कचरा?"

"त्याला काय कळतंय, नवीन आहे ते. अगं ठमे, तुझ्याकडे सेटिंगमध्ये बघ. गोंगाट गाळायचं बंद करता येतं."

ठमीने खुडबुड केली. "केलं बंद. ऐका आता."

तिने पाय मारला, आणि खोली एकदम भरून गेली. खडखड, खडखड, आणि मधेच टक. काकांनी डोळे मिटले.

"थांब. हळू मार. हं... टाक्यागणिक टक होतंय. सुई खाली घसरलीय, आपटतेय ती. स्क्रू सैल कर, सुई वर टेकेपर्यंत सरकव, आणि मग आवळ."

ठमीने आवळलं. चिंधी सरकवली. पाय मारला. टाके एकामागून एक सरळ रांगेत पडत गेले.

"बाबा, शिवतंय! अहो, इकडे या, बघा तरी!"

जावई पडद्यात डोकावला. त्याने चिंधी उलटसुलट करून पाहिली आणि कान खाजवला. "सुताराला नको म्हणून कळवतो," तो हसून म्हणाला. "बाबा, तुमच्यापुढे हात टेकले."

"फक्त एक राहिलं," ठमी म्हणाली. "ते पायडल सारखं कुईं करतंय बघा. तेल कुठे सोडू?"

सिस्टरनी हसत हसत पदराआडून कुपी काढली आणि काकांच्या पुढे धरली. "घ्या! आता विचारला तिने तुमच्या आवडीचा प्रश्न."

काकांनी कुपी घेतली नाही.

"बाबा? ऐकू येतंय ना?"

"येतंय."

"मग सांगा ना, कुठे घालू?"

"तिथे नाही घालायचं."

"अहो, पण केवढं वाजतंय ते!"

"वाजू दे. ठमे, तिथे तेल कधीच घालायचं नाही. आता बोलू नकोस. नुसती शिव."

ठमी खाली वाकली आणि शिवायला लागली. कुईं, कुईं, कुईं.

काका उठून पुढच्या खोलीत गेले आणि आपल्या जागेवर बसले. समोर कुणाचं तरी उघडलेलं मशीन पडलं होतं. ते ओढून कामाला लागले. मागून आवाज येत होता. सिस्टरनी कुपी हळूच त्यांच्या हाताशी ठेवली आणि जिना चढून वर गेल्या.

बऱ्याच वेळाने आवाज थांबला. काकांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला, फडक्याला हात पुसले आणि चहा टाकायला उठले.